बदलून दिलेली पुस्तकं

ताईंच्या दुकानात सगळं चालायचं. मुलांनी जमिनीवर फतकल मारून वाचलेलं चालायचं, मांडणी उलटीपालटी केलेली चालायची, एकदा एकाने शेल्फमागे लपून तीन तास काढले होते तेही चाललं. एक गोष्ट मात्र अजिबात खपायची नाही. रहस्यकथेचं शेवटचं पान आधी उघडायचं नाही. उघडताना कोणी सापडलं की ताई गल्ल्यावरूनच ओरडायच्या, "हात काढ! चोर शेवटी सापडतो, पहिल्यांदा नाही!"

नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी नव्या कादंबऱ्या आणि रहस्यकथा, एवढाच त्यांचा माल. त्याहून लहानांसाठी एक कोपरा होता, तो भेट देणाऱ्या काकामामांच्या सोयीसाठी. कोणीही आलं की ताई तीन प्रश्न विचारायच्या. शेवटचं पूर्ण केलेलं पुस्तक कोणतं? अर्ध्यावर टाकलेलं कोणतं? आणि वाचायला बसता कुठे? तिसऱ्या प्रश्नाला लोक हसायचे. हसू देत, ताई म्हणायच्या, मला त्यावरूनच सगळं कळतं. आपल्या या कळण्याचा त्यांना भारी अभिमान होता. त्या दिवशी तो उतरायचा होता.

सकाळी दहाला एका गृहस्थांचा फोन आला. आवाज ओळखीचा होता. वर्षभरात पाच वेळा, दर वेळी शनिवारच्या गर्दीत येऊन मुलीसाठी पुस्तक नेणारे ते बाबा. ताईंच्या तीन प्रश्नांची उत्तरं द्यायला त्यांना घाम फुटायचा.

"ताई, आज पाच वाजता तुमच्या दुकानात अर्धा तास बसलो तर चालेल का? मी आणि माझी मुलगी."

"बसा की. त्यात विचारायचं काय?"

"तिची आई आणि मी दोन वर्षं वेगळे राहतो. मुलगी मला भेटत नाही. फोनवर येत नाही. मी पुस्तकं तिच्या मावशीकडे नेऊन देतो. उद्या सकाळी दोघी परदेशी चालल्यात. कायमच्या. आज भेटायला हो म्हणालीय, पण तुमच्याच दुकानात, आणि अर्धाच तास."

"म्हणजे तुमची पुस्तकं तिला आवडलेली दिसतात," ताई म्हणाल्या. त्यांना मनापासून बरं वाटलं होतं. पुस्तकं त्यांनीच निवडून दिली होती ना!

"तेच विचारायचंय तिला," बाबा म्हणाले. "मी पुस्तकातून तिला बरंच काही विचारलं. एकाचंही उत्तर आलं नाही."

पुस्तकातून विचारलं म्हणजे काय, हे ताईंना तेव्हा कळलं नाही. गिऱ्हाईक आलं आणि फोन ठेवावा लागला.

साडेतीनला एक आजोबा नातवाला घेऊन आले. ते नेहमीचेच. खिशातून त्यांनी घडी घातलेला पातळ कागद काढला आणि हळूच गल्ल्यावर ठेवला.

"छत्रीत राहणाऱ्या उंदराचं पुस्तक तुम्ही याला दिलं होतं. काल संपलं. शेवटच्या पानाशी हे निघालं. कुणाचं तरी खासगी आहे, म्हटलं परत द्यावं."

"मी नाही वाचलं," नातू घाईघाईने म्हणाला. "थोडंच वाचलं."

ताईंनी घडी उलगडली. वर गोल करून तीनचा आकडा होता.

'शेवटपर्यंत आलीस म्हणजे आवडलं असणार. उंदराची युक्ती मला आधी कळलीच नाही. तुला कधी कळली? चष्म्याची काडी अजून चावतेस का? नवा चष्मा घेताना काडी जरा चिवट द्या म्हणावं. फोन उचलू नकोस हवं तर. नुसता मावशीजवळ निरोप ठेव, शेवट आवडला की नाही. बाबा.'

ताईंनी चष्म्याची ओळ पुन्हा वाचली. चष्म्याची काडी चावून चावून तिला चिकटपट्टी लावावी लागलेली मुलगी त्यांच्या दुकानात एकच होती. इन्स्पेक्टर.

हे नाव त्यांनीच ठेवलेलं. अकरा वर्षांची, काटकुळी, दर दोन महिन्यांनी एखाद्या गुरुवारी मावशीबरोबर यायची. रहस्यकथेशिवाय कशाला हात लावायची नाही, आणि पन्नासाव्या पानावर गुन्हेगार ओळखून दाखवायची. वाचायला कुठे बसतेस, याचं तिचं उत्तर ताईंना पाठ होतं. जिन्याच्या खिडकीत. का? तिथून गल्ली दिसते. आणि दर वेळी तिच्या हातात एक कोरं करकरीत पुस्तक असायचं. "भेट आलंय. बदलून मिळेल?"

मिळायचं. दुकानाची तशी रीतच होती. भेट देणाऱ्या प्रत्येकाला ताई बजावायच्या, पहिल्या पानावर नाव-बिव काही लिहू नका, नाही आवडलं तर मुलाला बदलून घेता आलं पाहिजे. परत आलेल्या पुस्तकाचा कणा बघायचा, कोपरे बघायचे, अंगठ्याने कडा चाळायच्या आणि शेल्फवर ठेवायचं. आत उघडून बघायची गरज काय? न उघडलेलं पुस्तक मला हाताला कळतं, असं त्या सगळ्यांना सांगायच्या.

बाबांना पहिल्या पानावर लिहायचं होतं, हे आता त्यांना आठवलं. पेन काढून ते उभे होते. "लिहू नका," ताईच म्हणाल्या होत्या. मग त्या माणसाने चिठ्ठी लिहून शेवटी घातली, म्हणजे पोरगी पुस्तक संपवेल तेव्हाच तिला ती मिळेल. आणि पोरगी बदक-उंदरांची पुस्तकं दोन पानांपुढे वाचेल कशाला? तिचं ते वय केव्हाच सरलं होतं. बाबांना आठवत होती ती आठ-नऊ वर्षांची मुलगी, आणि त्यांच्या उत्तरांवर विसंबून ताईंनी त्याच मुलीची पुस्तकं काढून दिली होती. खिडकीच्या कट्ट्यावर बसते, म्हणाले होते ते. ती दोन वर्षांपूर्वीची गोष्ट.

एका बाजूला, आपण एवढं लिहिलं आणि तिने अक्षरही परत धाडलं नाही, असं धरून बसलेला बाप. दुसऱ्या बाजूला, बापाने एका शब्दाशिवाय बाळबोध पुस्तकं पाठवून दिली, असं समजणारी मुलगी. मध्ये गल्ल्यावर बसून पुस्तकांची अदलाबदल करणाऱ्या शहाण्या ताई. पाच वाजता दोघं समोरासमोर येणार, बाबा चिठ्ठ्यांचं विचारणार, तिला वाटणार हे खोटं बोलताहेत, आणि सकाळी विमान. घड्याळात पावणेचार झाले होते.

"ताई, बरं वाटत नाहीये का?" आजोबांनी विचारलं.

"मूर्खपणा झालाय माझ्या हातून," ताई म्हणाल्या, "तो निस्तरायचाय." आणि त्यांनी पदर खोचला.

पाच पुस्तकं. चालणाऱ्या झाडाचं, शहाण्या हत्तीचं, छत्रीतल्या उंदराचं, आगबोटीवरच्या मांजराचं आणि तळ्यातल्या बदकाचं. कोणतं कधी दिलं तेही त्यांना आठवत होतं, कारण प्रत्येक वेळी त्यांनी छोटंसं भाषण ठोकलं होतं. उंदीर हातात आला होता. हत्ती लहान मुलांच्या कोपऱ्यात खालच्या फळीवर असायचा. त्याच्या तीन प्रती निघाल्या. पहिलीत काही नाही. दुसरीत काही नाही. तिसरी उलटी धरून झटकली आणि पातळ कागद घरंगळत मांडीवर पडला. वर दोनचा आकडा. ही त्यांनी वाचली नाही. उंदराची वाचावी लागली होती, ही वाचायचा हक्क नव्हता.

मांजर कुठेच सापडेना. एक फळी, दोन फळ्या, काचेचं कपाट. आजोबाही गुडघे धरत खाली बसून शोधू लागले, नातू तर शेल्फच्या मागे शिरला. आणि मग ताईंनी कपाळावर हात मारला. न खपलेली पुस्तकं वितरकाकडे परत धाडायची म्हणून सकाळीच त्यांनी दोन खोकी बांधली होती. खोकी दाराशी होती. म्हणजे, मघापर्यंत होती.

कुरियरवाला रस्त्यावर दुसरं खोकं गाडीत चढवत होता. ताई अनवाणी धावल्या.

"थांबा! उतरवा ते!"

"अहो बाई, पावती झालीय. सील झालंय."

"सील मीच केलंय ना? मीच फोडते."

"मला पुढे सहा ठिकाणी जायचंय."

"आणि एक पोरगी उद्या देश सोडून चाललीय!" ताई इतक्या मोठ्याने म्हणाल्या की समोरचा घड्याळजी बाहेर आला. कुरियरवाल्याला त्या पोरीचा आणि खोक्याचा संबंध कळला नाही. पण ताईंच्या हातात कात्री होती आणि चेहरा ठीक दिसत नव्हता. त्याने निमूटपणे दोन्ही खोकी फुटपाथवर ठेवली.

मांजर दुसऱ्या खोक्याच्या तळाशी होतं, अर्थातच. चारचा आकडा असलेली चिठ्ठी त्यात होती.

राहिली झाड आणि बदक. झाडाचं पुस्तक कुठे गेलं ते आठवल्यावर ताई फुटपाथवरच खाली बसल्या. एका शाळेने वाचनालयासाठी चाळीस पुस्तकं नेली होती, त्यात ते होतं. शाळेला सुट्टी. तरी त्यांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. शेवटी शिपायाने उचलला. वाचनालयाची किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक गावाला. ताईंनी फोन ठेवला. रडू येत होतं, पण रडायला वेळ नव्हता. बदकाचं मात्र त्यांना काही केल्या आठवेना. ते परत आलंच नव्हतं की काय?

पावणेपाचला दाराची घंटी वाजली. इन्स्पेक्टर आत आली, मागे मावशी. बाबांच्या आधी पंधरा मिनिटं. तिने सरळ गल्ल्याशी येऊन पुस्तक पुढे केलं. तळ्यातलं बदक. कोरं करकरीत.

"ताई, हे बदलून द्या. पटकन. ते यायच्या आत. त्या दीपगृहवाल्या मालिकेचा तिसरा भाग आलाय ना? तो मला विमानात हवाय."

म्हणून तिने ही जागा निवडली होती. ताईंना सकाळचं आपलं बरं वाटणं आठवलं आणि कानशिलं तापली.

"तुझ्यासाठी बाजूला ठेवलाय," त्या म्हणाल्या. "पण बदली आज वेगळ्या पद्धतीने होईल. हे बदक घे. शेवटचं पान उघड."

मुलगी बघतच राहिली. "शेवटचं? तुम्हीच तर..."

"माझा नियम मी मोडतेय. उघड."

तिने उघडलं. चिठ्ठी तिच्या बोटांवर पडली. पाचचा गोल आकडा, ओळखीचं अक्षर. तिने ती उभ्या उभ्या वाचली आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसू दिलं नाही. फक्त चष्मा काढला आणि काडी दातात धरली.

"हे कधी घातलं?"

"पुस्तक घेतलं तेव्हा. प्रत्येक वेळी." ताईंनी उरलेल्या तीन चिठ्ठ्या समोर मांडल्या. "दर वेळी तू परत आणलंस आणि दर वेळी मी न उघडता ठेवून घेतलं. उघडायला हवं होतं. चूक माझी आहे. तुझीही नाही, त्यांचीही नाही. ही तीन नंबरची मी वाचली, कुणाची आहे ते कळायला. बाकीच्या नाही."

मावशी मटकन स्टुलावर बसली. "अगं बाई! आणि मी त्यांना काय काय बोलले. म्हटलं, दोन ओळी तरी लिहा पोरीला. त्यावर नुसते बघत राहिले माझ्याकडे. पोरीने चिठ्ठ्या माझ्यापासून लपवल्या, असं वाटलं असेल त्यांना."

इन्स्पेक्टर वाचत होती. दोन, तीन, चार. मग परत पाच. आजोबांनी नातवाला खांद्याला धरून शेल्फमागे नेलं, म्हणजे निदान दिसण्यापुरतं. ताईंचं लक्ष दाराकडे होतं. काट्यांवर पाचला चार मिनिटं कमी होती.

मुलीने चिठ्ठ्या क्रमाने लावल्या, कडा जुळवल्या.

"एक नंबर नाहीये."

"नाही."

"दोनमध्ये लिहिलंय, 'पहिल्या चिठ्ठीत सांगितलं त्याचा राग आला असेल तर बरोबर आहे.' काय सांगितलं?"

"मला ठाऊक नाही. ते पुस्तक एका शाळेत गेलं. फोन केला. शाळा बंद आहे."

"मला तीच हवी आहे," मुलगी म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज मोठा झाला. "बाकीच्यांत नुसतं बदक आणि मांजर. मला एक नंबरची हवी आहे!"

घंटी वाजली. बाबा दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. पुस्तक इथेच घेऊ, तिला विचारून, असं ठरवून आले असावेत. आधी त्यांना मुलगी दिसली, मग गल्ल्यावरचं बदक, मग तिच्या हातातल्या चिठ्ठ्या. ताईंनी बोलायला तोंड उघडलं.

"मी तुमची सगळी पुस्तकं बदलून घेतली," मुलगीच म्हणाली. "पाचही. एकही वाचलं नाही. चिठ्ठ्या आत्ता मिळाल्या."

तुमची, असं तिने म्हटलं. बापाला कोणी परक्यासारखं अहोजाहो करावं, तसं. बाबांनी मान हलवली. पुस्तकं परत गेल्याचं दुःख करायचं की चिठ्ठ्या न वाचताच गप्प होती याचा आनंद मानायचा, हे त्यांना ठरवता येत नसावं. दोन्ही चेहऱ्यावर दिसत होतं.

"पहिलीत काय होतं?"

"ती मिळाली नाही?"

"हरवली," ताई म्हणाल्या. "माझ्या हातून."

"मग सांगा," मुलगी म्हणाली.

बाबांनी मावशीकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. लिहिणं सोपं होतं. घडी घालून शेवटच्या पानात सरकवलं की झालं. आता चार माणसांत बोलायचं होतं, आणि चिकटपट्टीची काडी दातात धरून समोर इन्स्पेक्टर उभी.

"त्या तीन रविवारचं," ते म्हणाले. "घर सोडल्यावर मी तुला सांगितलं होतं, दर रविवारी येईन. तीन रविवार आलो नाही आणि मग तू फोन घेणं बंद केलंस."

"हो."

"मी आलो होतो. तिन्ही रविवारी. गल्लीच्या तोंडाशी तो सायकलवाला आहे ना, त्याच्या दुकानापर्यंत. तिथे उभा राहायचो. वर येऊन काय सांगणार होतो तुला? का गेलो ते माझं मलाच धड सांगता येत नव्हतं. तासभर थांबायचो आणि परत जायचो. भ्यालो. तुला भ्यालो मी."

नातवाने शेल्फमागून डोकं बाहेर काढलं, ते आजोबांनी मागे ओढलं नाही.

"तिसऱ्या रविवारी," मुलगी सावकाश म्हणाली, "शर्ट कोणता होता?"

"अं?"

"शर्ट."

बाबा आठवत राहिले. "राखाडी. बाहीला ऑइल लागलं, सायकलवाल्याच्या साखळीचं. तो डाग गेलाच नाही."

मुलीने काडी तोंडातून काढली.

"मी पाहिलं होतं," ती म्हणाली. "जिन्याच्या खिडकीतून. तिन्ही वेळा. राखाडी शर्टवाला बाही पुसत होता. मी मला सांगितलं, हा बाबा नाही. बाबा असता तर वर आला असता."

बाबा दोन पावलं पुढे आले आणि थांबले. पुन्हा तिथेच थांबले, सायकलवाल्याच्या दुकानाशी थांबावं तसे. ताईंना वाटलं, आता या माणसाला मागून ढकलावं. तशी गरज पडली नाही. उरलेली चार पावलं मुलगी चालून गेली आणि त्यांच्या इस्त्रीच्या शर्टात तोंड खुपसून उभी राहिली. चष्मा हातातच होता.

ताईंनी दाराची पाटी 'बंद आहे' अशी फिरवली. आजोबा नातवाला घेऊन निघाले. नातवाने दारातून वळून विचारलं, "पण मग उंदराची युक्ती तिला कळली का?" आजोबांनी त्याला बाहेर काढलं.

अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. मावशीने घड्याळ तीनदा पाहिलं, पण बोलली नाही. निघताना इन्स्पेक्टरने दीपगृहाचा तिसरा भाग पिशवीत टाकला, आणि गल्ल्यावरचं बदकही.

"बदली नको?" ताईंनी विचारलं.

"नको." मग ती बाबांकडे वळली. "फोन तू करायचा नाहीस. मी करीन. हे दीपगृहवालं संपलं की. गुन्हेगार कोण ते पन्नासाव्या पानावर ओळखलं होतं की नाही, ते सांगायला. आणि तू चिठ्ठ्यांत विचारलंस त्या सगळ्याची उत्तरं द्यायला."

दार लागलं. जिथे ती उभी होती तिथे बाबा बघत राहिले. मग त्यांनी ताईंना विचारलं, अगदी हळू, जणू हा प्रश्न बापाने विचारणंच लाजिरवाणं होतं,

"किती दिवसांत संपेल ते तिचं?"

ताईंना ते अचूक माहीत होतं. त्यांच्या लक्षात आलं की हे आपल्याला माहीत आहे आणि तिच्या बापाला नाही, आणि याचा त्यांना आता काडीचाही अभिमान वाटला नाही.

"एकशे ऐंशी पानं आहेत," त्या म्हणाल्या. "विमानातच संपेल. उद्या रात्री फोन जवळ ठेवा."

बाबा स्टुलावर बसले आणि त्यांनी खिशातून फोन काढून हातात धरला. आजच.